हलकी इलेक्ट्रिक माउंटन बाइक रास्त भावात कशी घ्यावी: पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

दुकानात गेलात की सायकलवर बसायच्या आधी ती उचला. एक हात दांडीला, एक सीटखाली, आणि जवळ जिना असेल तर दहा पायऱ्या चढून या. दुकानदार बघत राहील, बघू दे. माझी पहिली इ-सायकल मी अशी उचलून पाहिली नव्हती. दिवाळीच्या ऑफरमध्ये घेतली, जाड टायरांची, दिसायला दणकट. घरी आणल्यावर कळलं की तिचं वजन २७ किलो आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. बॅटरी फ्रेमच्या आत पक्की बसवलेली, त्यामुळे ती काढून वर नेता येईना. खाली पार्किंगमध्ये लांब वायर ओढून चार्जिंग करायचं आणि रोज वॉचमनकाकांना सांगून जायचं. पाच महिन्यांनी डिस्प्ले बंद पडला. ज्याने विकली त्याचं दुकान तोवर उठलं होतं आणि त्या डिस्प्लेची पिन दुसऱ्या कुठल्याही डिस्प्लेला जुळत नव्हती. ऑफरमध्ये वाचलेले पैसे आणि वर बरेच, असे सगळे गेले.

आता माझ्याकडे आहे ती १९ किलोची आहे आणि चार वर्षं चालते आहे. या दोन सायकलींमधल्या काळात जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. मी पुण्यात राहते, त्यामुळे उदाहरणं सिंहगडाची आणि इथल्या टेकड्यांची येतील. पण हिशोब सातारा, नाशिक, कोल्हापूर, कुठल्याही घाटाला लागू आहे.

आधी वजन समजून घ्या

साधी, बिनमोटरची बऱ्यापैकी माउंटन बाइक १४ ते १६ किलोची असते. आपल्याकडे मिळणाऱ्या, मागच्या चाकात मोटर असलेल्या इ-माउंटन बाइक बहुतेक २० ते २५ किलोंच्या. परदेशी कंपन्या ज्यांना ‘हलक्या’ म्हणून विकतात त्या साधारण १७ ते २० किलोंच्या, आणि त्यांच्याच पूर्ण ताकदीच्या मोटरवाल्या २२ ते २६ किलोंच्या. म्हणजे आपल्या बाजारात २० किलोच्या आसपासची सायकल मिळाली तर तिला हलकी म्हणायला हरकत नाही.

हे वाढीव वजन येतं तीन ठिकाणांहून: मोटर, बॅटरी आणि शॉकअप. पहिल्या दोघांचं वजन निदान कामाचं असतं. स्वस्त सायकलचा शॉकअप मात्र लोखंडी स्प्रिंगचा, जड आणि दोन पावसाळ्यांत गंजून अडकणारा असतो. माझं स्पष्ट मत आहे की लाखाच्या आतल्या सायकलीला मागे शॉकअप असेल तर ती घेऊच नये. त्या किमतीत चांगला मागचा शॉकअप बसत नाही. वजन तेवढं वाढतं, आणि चढावर प्रत्येक पेडलला सायकल खाली दबून तुमची ताकद खाते. पुढे साधा शॉकअप आणि जरा रुंद टायर, २.१ ते २.४ इंचाचे, एवढं मुरमाच्या रस्त्याला आणि टेकडीवरच्या पायवाटांना पुरतं.

कागदावर लिहिलेल्या वजनावर विसंबू नका. काही ठिकाणी ते बॅटरी सोडून दिलेलं असतं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा दोन-चारशे रुपयांत मिळतो, तो खिशात टाकून जा. मागच्या चाकाच्या आसाशी हुक अडकवून मागची बाजू उचलायची, मग पुढच्या चाकाच्या आसाशी अडकवून पुढची, आणि दोन्ही आकडे मिळवायचे. सायकल शक्य तेवढी आडवी सरळ ठेवली तर उत्तर बऱ्यापैकी बरोबर येतं.

मग तुमच्या चढाचा हिशोब करा

दुकानात पहिला प्रश्न सगळे विचारतात तो ‘एका चार्जमध्ये किती जाते?’ उत्तर येतं, ऐंशी किलोमीटर किंवा शंभर. हा आकडा सपाट रस्त्यावरचा, सगळ्यात कमी मदतीवरचा, हलक्या माणसाचा असतो. घाटासाठी त्याचा काही उपयोग नाही. त्यापेक्षा स्वतः हिशोब करा, शाळेतल्या गणिताइतकाच आहे.

बॅटरीवर दोन आकडे असतात, व्होल्ट आणि अँपिअर-अवर. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट-अवर, म्हणजेच टाकीत किती इंधन आहे ते. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर असेल तर ३६० वॅट-अवर. बॅटरी-बॅटरीची तुलना याच आकड्यावर करायची.

आता चढ. माणूस, सायकल, पाणी, डबा सगळं मिळून १०० किलो धरा. १०० किलो वजन १०० मीटर उंच न्यायला २७ वॅट-अवर लागतात. हा आकडा पाठ करून ठेवा. सिंहगडाच्या डांबरी रस्त्याने पायथ्यापासून वरपर्यंत साधारण ९ किलोमीटरमध्ये ६०० मीटर चढ आहे. म्हणजे नुसत्या उंचीचे १६३, आणि टायर रस्त्याला घासण्यात जाणारे वीसेक. झाले सुमारे १८५. ताशी बाराच्या वेगाने हा चढ पाऊण तासाचा. थोडीफार सवय असलेला माणूस सलग १०० वॅट लावू शकतो, म्हणजे पाऊण तासात ७५ वॅट-अवर त्याचे स्वतःचे. उरलेले ११० मोटरने द्यायचे. पण मोटर बॅटरीतली सगळी वीज चाकापर्यंत पोचवत नाही, जवळजवळ पाव हिस्सा उष्णतेत जातो. म्हणून बॅटरीतून निघतात १५० च्या आसपास.

शहरातून पायथ्यापर्यंत वीसेक किलोमीटर सौम्य मदतीवर गेलात तर किलोमीटरला पाचच्या हिशोबाने १०० वॅट-अवर. उतरताना शून्य. परतीच्या सपाट रस्त्यावर जरा जास्त पेडल मारलंत तर साठेक. एकूण ३१० झाले. म्हणजे ३६० वॅट-अवरची छोटी बॅटरी सिंहगड करून घरी आणते आणि थोडी उरतेही.

हेच गणित पाय न लावता करा. तेच १८५ वॅट-अवर सगळे मोटरचे झाले की बॅटरीतून चढालाच अडीचशे जातात. जाताना-येताना मिळून पुन्हा दोनशेच्या वर. मग ५०० ची बॅटरी लागते, ती किलोभर जड आणि बरीच महाग.

हलकी सायकल स्वस्तात मिळवायचं सगळं तंत्र या हिशोबात आहे. दर रविवारी तुम्ही खरोखर किती चढ चढणार ते मोबाइलवरच्या नकाशात बघा, त्याला पुरेल एवढी बॅटरी घ्या, वर वीस टक्के जास्त धरा आणि तिथेच थांबा. बॅटरी हा सायकलमधला सगळ्यात महाग भाग. जी क्षमता वापरणार नाही तिचे पैसे एकदा द्यायचे आणि तिचं वजन मात्र कायम ओढत बसायचं, असं होता कामा नये.

मोटर कुठे आहे आणि तिला कसं कळतं

मोटर दोन जागी बसते. मागच्या चाकाच्या मध्यभागी असेल तर हब मोटर, पेडलच्या आसाशी असेल तर मिड-ड्राइव्ह. मिड-ड्राइव्ह मोटर तुमच्याच चेन आणि गिअरमधून जोर लावते, म्हणून कडक चढावर हलका गिअर टाकला की तिलाही तो फायदा मिळतो. हब मोटरला गिअरचा उपयोग नाही. ताशी बारा-पंधराने चढताना ती चांगलं काम करते, पण वेग सहा-सातवर आला की तापायला लागते आणि बॅटरी भराभर संपवते. सिंहगडाचा डांबरी रस्ता किंवा बोपदेव घाट यांना हब मोटर पुरते. टेकडीवरच्या उभ्या, सुट्या दगडांच्या पायवाटा हेच तुमचं रोजचं मैदान असेल तर मिड-ड्राइव्हला पर्याय नाही, आणि मग खर्च वाढतो.

दोघांच्या जाहिरातीत न्यूटन-मीटर असा जोराचा आकडा असतो. हबचे ४० आणि मिड-ड्राइव्हचे ४० सारखे नाहीत. हबचा आकडा थेट चाकावरचा असतो. मिड-ड्राइव्हचा पेडलच्या आसावरचा, तो पुढे गिअरप्रमाणे वाढतो किंवा कमी होतो. हब-हबची आपापसात तुलना करा, मिड-मिडची आपापसात.

याहून महत्त्वाचा आहे सेन्सर, आणि त्याबद्दल दुकानात कुणी आपणहून बोलत नाही. स्वस्त सायकलीत कॅडेन्स सेन्सर असतो. पेडल फिरतंय एवढंच त्याला कळतं, तुम्ही किती जोर लावताय ते कळत नाही. त्यामुळे मदत अर्धा फेरा उशिरा येते आणि एकदम येते. हमरस्त्यावर चालून जातं. पण मुरमाच्या वळणावर, चाक आधीच घसरू पाहतंय अशा वेळी मागून असा धक्का बसला तर सायकल हातात राहत नाही. टॉर्क सेन्सर तुमच्या पायाच्या जोराप्रमाणे मदत देतो. ओळखायचं असं: सायकलवर बसा, ब्रेक न दाबता एक पाय जमिनीवर ठेवा आणि दुसऱ्याने पेडल हळूच दाबा. सायकल लगेच पुढे रेटल्यासारखी वाटली तर टॉर्क सेन्सर. काहीच झालं नाही आणि अर्धा फेरा फिरल्यावर जोर आला तर कॅडेन्स. डोंगरात जायचं असेल तर चार-पाच हजार जास्त गेले तरी टॉर्क सेन्सर घ्या. मी दुसऱ्या वेळी डिस्प्ले साधा घेतला, रंग मिळाला तो घेतला, पण यात तडजोड केली नाही.

ब्रेक डिस्कचेच हवेत. ब्रेकची मूठ दाबली की मोटर त्याच क्षणी थांबते का तेही बघा. चाक हवेत धरून मोटर फिरवायची आणि ब्रेकला नुसता स्पर्श करायचा, इतकं सोपं आहे.

नियम थोडक्यात

मोटर २५० वॅटच्या आत आणि मोटरचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे अशी सायकल मोटार वाहनात धरत नाहीत. नंबर प्लेट नको, लायसन्स नको. मात्र ती तशी आहे हे मान्यताप्राप्त संस्थेने तपासून दिलेलं प्रमाणपत्र कंपनीकडे असतं, ते मागा. आपल्या पुण्यातली एआरएआय ही त्यातली एक. वेताळ टेकडीला लोक एआरएआय टेकडी म्हणतात ती हिच्याचमुळे.

काही विक्रेते ‘वेगाचं लॉक काढून देतो’ म्हणतात. नको म्हणा. लॉक काढलेली सायकल कायद्याने विनानोंदणीचं वाहन ठरते आणि कुणाला धडकली तर सगळं तुमच्या अंगावर येतं. वॉरंटीही जाते.

पैसे कुठे वाचतात

नवी घ्यायची तर ३० ते ६० हजारांत हब मोटरच्या बऱ्याच सायकली आहेत. हीरो लेक्ट्रो आणि पुण्याचीच इमोटोरॅड ही त्यातली सगळीकडे दिसणारी नावं. डिकॅथलॉनने २०२३ मध्ये रॉकरायडर ई-एसटी १०० ही ३८० वॅट-अवरची हब मोटरवाली माउंटन बाइक भारतात आणली, ती लाखाच्या थोडी आत होती. मिड-ड्राइव्हची परदेशी सायकल मात्र काही लाखांत जाते. दसरा-दिवाळी, पाडवा आणि मार्चअखेर या वेळी भाव उतरतात. त्याहून जास्त उतरतात ते नवं मॉडेल येताना जुन्याचे, आणि दुकानात मांडून ठेवलेल्या सायकलचे. मांडलेली सायकल घ्यायला हरकत नाही. फक्त तिची बॅटरी किती महिने न वापरता पडून आहे ते विचारा. लिथियमची बॅटरी रिकामी होऊन महिनोन् महिने पडली तर आतून खराब होते.

दुसरा रस्ता मी स्वतः घेतला तो. चांगल्या कंपनीची, अॅल्युमिनियम फ्रेमची, १४ किलोच्या आतली जुनी माउंटन बाइक घ्यायची आणि तिला मोटरचं किट लावायचं. हबचं किट अडीच-साडेतीन किलोचं, बॅटरी दोन-अडीच किलोची, एकूण १९-२० किलो. या किमतीत इतकी हलकी तयार सायकल मला कुठे मिळाली नव्हती. पण तीन गोष्टी आधी मोजा. मागच्या फ्रेमच्या दोन टोकांमधलं अंतर १३५ मिलिमीटर हवं, बहुतेक हब किट त्याच मापाची असतात. चाक साध्या नटाचं किंवा क्विक रिलीजचं, म्हणजे हाताच्या खटक्याने सुटणारं असावं. आरपार जाड आस असलेल्या नव्या फ्रेममध्ये ही किट बसत नाहीत. आणि दांडीच्या आतल्या त्रिकोणात बॅटरी मावते का ते पुठ्ठ्याचा त्याच मापाचा तुकडा कापून लावून बघा. लहान फ्रेममध्ये बाटलीची जागा जाते आणि कधी कधी बॅटरी निघतच नाही. किट बसवताना आसाला दोन्ही बाजूंनी जीभ असलेले वॉशर लागतात. ते नसले तर मोटरच्या जोराने आस फिरून फ्रेमची खाच फाकते. मेकॅनिक म्हणाला ‘काही गरज नाही’, तर मेकॅनिक बदला.

जुनी इ-सायकल: सगळं लक्ष बॅटरीवर

जुनी घेतली की सगळ्यात जास्त पैसे वाचतात आणि फसायची भीतीही इथेच जास्त. करोनानंतर हौसेने घेतलेल्या आणि बाल्कनीत उभ्या असलेल्या बऱ्याच सायकली बाजारात येतात. चेन, टायर, ब्रेक पॅड घासलेले असले तरी घाबरू नका, ते काही हजारांत बदलतात. नवी बॅटरी मात्र बरेचदा सायकलच्या एक तृतीयांश किमतीला जाते.

बॅटरी तपासायचे तीन मार्ग मी वापरते. एक, मालकाला आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगायचं आणि मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, घेऊन जायचं. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ च्या अगदी जवळ दिसली पाहिजे, ४८ ची ५४.६ च्या जवळ. ३६ ची पूर्ण भरूनही चाळीसलाच थांबत असेल तर आतल्या एखाद्या ओळीतले सेल गेलेत.

दोन, चढावर न्या. पूर्ण मदत लावून चढताना डिस्प्लेवरच्या काड्या बघा. चारवरून एकवर आल्या आणि थांबल्यावर पुन्हा तीन झाल्या, तर सेल म्हातारे झालेत. जोर पडला की ते दम टाकतात.

तिसरा मार्ग सगळ्यात खात्रीचा, पण मालक ओळखीचा असला तरच जमतो. सॉकेटमध्ये लावायचं वीजमापक मिळतं, ते चार्जरच्या मागे लावायचं आणि बॅटरी सायकल बंद पडेपर्यंत रिकामी करून मग पूर्ण भरायची. ३६० वॅट-अवरची ताजी बॅटरी भिंतीतून चारशेच्या थोडं वर घेते, कारण चार्जर थोडी वीज खातो. माझ्या मैत्रिणीसाठी एक सायकल बघितली होती तिने ३०० च घेतले. म्हणजे आत जेमतेम २६० उरले होते, पाऊण क्षमतेहूनही कमी. मालकिणीला आकडा दाखवला, त्या बिचाऱ्या प्रामाणिक होत्या, त्यांनाही हे माहीत नव्हतं. नव्या बॅटरीच्या निम्मी रक्कम कमी करून त्यांनी ती दिली आणि मैत्रीण अजून तळजाई टेकडीला रोज त्याच बॅटरीवर जाते. तिला तेवढी पुरते.

भाव ठरवताना एक साधा नियम: मागितलेली किंमत अधिक नवी बॅटरी, अशी बेरीज करा. ती नव्या सायकलच्या तीन चतुर्थांशाच्या वर जात असेल तर सोडून द्या. उदाहरणार्थ नवी ६० हजारांना मिळते, नवी बॅटरी २० ची, तर जुनीला २५ च्या वर जाऊ नका. मूळ बिल आणि बॅटरीची किल्ली हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. बिल नाही म्हणजे चोरीची असू शकते. किल्ली नाही तर बॅटरी बाहेर निघत नाही आणि कुलूप बदलताना खोका फुटतो. कुणी बॅटरी आधीच उघडून जोडलेली असेल, कडेला गोंद किंवा नवे स्क्रू दिसत असतील, तर मी अशी बॅटरी घरात आणणार नाही. रात्री झोपताना जी वस्तू आपण घरात चार्जिंगला लावतो तिच्यात जोखीम घ्यायची नसते.

परदेशात राहणाऱ्यांसाठी, आणि तिथून मागवणाऱ्यांसाठी

खऱ्या अर्थाने हलक्या इ-माउंटन बाइकचा बाजार युरोप-अमेरिकेत आहे. स्पेशलाइज्डची टर्बो लेव्हो एसएल आणि ऑर्बियाची राइज या २०२० मध्ये आल्या, ट्रेकची फ्यूएल ईएक्सई २०२२ मध्ये. यांच्यामागचा विचार आपल्या वरच्या हिशोबाचाच आहे: मोटर कमी जोराची, बॅटरी ३२० ते ३६० वॅट-अवरची, बाकी पाय तुमचे. ट्रेकमधली टीक्यू कंपनीची मोटर १.८५ किलोची आणि ५० न्यूटन-मीटरची. बॉशने २०२३ मध्ये आणलेली एसएक्स दोन किलोची आणि ५५ ची. पहिल्या पिढीची लेव्हो एसएल, ३५ न्यूटन-मीटरची, आता सेकंडहँड बाजारात बरीच उतरलेली मिळते. नियमित सायकल चालवणाऱ्याला ती पुरते. मात्र तिची बॅटरी फ्रेमच्या आत बंद असते, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांना माझ्या पहिल्या सायकलची अडचण तिथेही आहे.

जर्मनीत नोकरी करत असाल तर कंपनीकडून पगारातून भाड्याने सायकल घ्यायची सोय विचारा. २०२० पासून तिच्यावर महिन्याला कॅटलॉग किमतीच्या ०.२५ टक्के एवढंच उत्पन्न धरून कर लागतो. ब्रिटनमध्ये ‘सायकल टू वर्क’ योजनेत इ-सायकलही बसते, आणि २०१९ पासून हजार पौंडांची जुनी मर्यादा आड येत नाही. या सोयी धरल्या तर नवी सायकल कित्येकदा जुनीच्या भावात पडते. जुनी घेतलीत आणि मोटर बॉशची असेल, तर अधिकृत विक्रेत्याकडून बॅटरी किती वेळा चार्ज झाली आणि क्षमता किती उरली याचा कागद काढून घ्या. तिथे थंडी सुरू होताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दुकानं चाचणीसाठी फिरवलेल्या सायकली काढतात. तेव्हा जा.

आता पुण्या-मुंबईतल्या लोकांसाठी. ‘भाऊ येताना विमानातून घेऊन येईल’ हा बेत करू नका. प्रवासी विमानात १६० वॅट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी नेता येत नाही, केबिनमध्येही नाही आणि सामानातही नाही. इ-माउंटन बाइकची छोटी बॅटरीसुद्धा याच्या बरीच वर असते. बॅटरीशिवाय आणलेली सायकल इथे उभी राहील, कारण त्या फ्रेममध्ये बसणारी बॅटरी इथे सहज मिळणार नाही.

पैसे द्यायच्या दिवशी

दांडी दोन पायांमध्ये घेऊन उभं राहिल्यावर चार बोटं तरी जागा राहिली पाहिजे. बायकांना आणि कमी उंचीच्या पुरुषांना दुकानदार ‘सीट खाली करून देतो’ म्हणतात, त्याने फ्रेम लहान होत नाही. हँडलपर्यंत हात ताणावा लागत असेल तर दुसरी बघा.

चाचणीसाठी जवळचा उड्डाणपूल किंवा चढ निवडा. एकदा पूर्ण मदतीवर चढा. दुसऱ्यांदा मोटर बंद करून चढा. ही दुसरी फेरी चुकवू नका. घाटात बॅटरी संपली की तुमच्या हाती हीच सायकल उरणार आहे. हलक्या सायकलचं मोलही तेव्हाच कळतं: १९ किलोची घरी येते, २७ किलोची ढकलावी लागते.

मग दुकानातला मेकॅनिक शोधा, विकणारा नाही, मेकॅनिक. त्याला तुमच्यासमोर मागचं चाक काढून परत बसवायला सांगा, आणि मोबाइलवर ते चित्रित करा. हब मोटरच्या आसाचे नट १८ किंवा १९ च्या पान्याचे असतात. मागच्या चाकाशेजारच्या नळीवर मोटरच्या वायरचा जोड असतो, त्याच्या दोन्ही तोंडांवर बाण असतात. काढताना सरळ ओढायचं, लावताना बाण समोरासमोर आणून सरळच दाबायचं. पिळलं की आतल्या बारीक पिना वाकतात. पंक्चर बहुतेक वेळा मागच्याच चाकाचं होतं आणि पंक्चरवाल्या काकांना हा जोड माहीत नसतो, तुम्हालाच सांगावा लागतो. मेकॅनिकने हे सगळं पाच-दहा मिनिटांत सफाईने केलं तर त्या दुकानातून घ्यायला हरकत नाही.

भाव करताना हजार-दोन हजार कमी करण्यापेक्षा वस्तू मागा: एक जादा डिरेलर हँगर, दोन ट्यूब, पहिल्या दोन सर्व्हिसिंग. मागचे गिअर ज्या छोट्या तुकड्यावर लटकतात तो हँगर दगडाला लागून वाकायलाच बनवलेला असतो. प्रत्येक फ्रेमचा वेगळा, आणि वर्षभराने शोधायला गेलात तर मिळत नाही. बिलावर फ्रेमचा नंबर, बॅटरीचा नंबर, बॅटरीची वॉरंटी किती महिने आणि सेल कुठल्या कंपनीचे, हे सगळं लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं दुकान बंद झाल्यावर कामाला येत नाही.

पहिला महिना

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर मागच्या आसाचे नट पुन्हा आवळा आणि आरे तपासा. मोटरच्या जोराने नवे आरे सैल होतात. दोन-दोन आरे चिमटीत दाबून बघा, एखादा ढिला लागला तर तेव्हाच चाक तोलून घ्या. बॅटरी रोज शंभर टक्के भरायची गरज नाही, लांब जायच्या आदल्या दिवशी भरा. एरवी ऐंशीपर्यंत ठेवली तर जास्त वर्षं टिकते, आणि पावसाळ्यात महिनाभर सायकल काढणार नसाल तर निम्मी भरून घरात, कोरड्या जागी ठेवा. भिजून आलात तर बॅटरी काढून खाचेतल्या पिना कोरड्या फडक्याने पुसा आणि दोन तास थांबून मगच चार्जिंगला लावा. चिखल धुवायला बादली आणि ब्रश घ्या. सर्व्हिस सेंटरचा जोराच्या फवाऱ्याचा पाइप मोटरच्या आसावर मारू देऊ नका, तिथून पाणी आत शिरलं की बेअरिंग जातं.

पहिले तीन रविवार एकच चढ करा, एकाच मदतीवर, आणि वर पोचल्यावर किती काड्या उरल्या ते वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तोच चढ करून आकडा ताडून बघा. एखादी काडी कमी उरली तर बॅटरी तिच्या वयाप्रमाणे चालली आहे. दोन-तीन कमी असतील तर वॉरंटी संपायच्या आत बिल घेऊन दुकानात जा.